प्रिन्सिपॉलसाहेबांचं ‘हव’

पौष वद्य द्वितीया, सोमवार. मध्यभारताचं सरकार थंडीपुरतं ग्वाल्हेरला गेलेलं. सकाळची बॅच सुटली होती, दुपारची यायची होती. वर्गात हजर: प्रिन्सिपॉलसाहेब, खिडकीशी, वापरलेला कार्बन पेपर उन्हात धरून, मशीन दुरुस्त करणारे मिस्त्रीजी, जमिनीवर, एका टायपरायटरचं पोट उघडून, आणि मी, दाराशी, एकच वाक्य मनात घोळवत. गैरहजर: शॉर्टहँडचे मास्तर. ताप आल्याचा निरोप त्यांनी पाठवला होता. त्यावर वर्गात कोणाचाच विश्वास नव्हता, कारण प्रिन्सिपॉलसाहेबांचा नव्हता.

मला रजा मागायची होती. नोकरी लागून पुरता पंधरवडाही झाला नव्हता.

वर्ग म्हणजे सराफ्यामागच्या गल्लीत एका माडीवरची लांबट खोली. वर जायला शिडीसारखा उभा लाकडी जिना, आणि वर गेल्यावर दोन्ही भिंतींना लागून टायपरायटर. संस्थानं विलीन झाली आणि ज्यांचे वाडवडील दरबारी दफ्तरात मोडी लिहीत होते, त्यांची मुलं हिंदी टायपिंग शिकायला या माडीवर येऊ लागली. मुलीही येऊ लागल्या, म्हणून बायकांची वेगळी बॅच निघाली, आणि तिला शिकवायला मला घेतलं. वडील गेल्यावर आई आणि मी कोल्हापूर सोडून मामांच्या आधाराने इंदूरच्या ‘जुनी इंदूर’ भागात येऊन राहिलो होतो. टायपिंग मी कोल्हापुरातच शिकले होते. घरात मिळवणारी मी एकटी.

‘प्रिन्सिपॉल’ ही पदवी त्यांनी स्वतःच घेतलेली होती. माणूस पेन्सिलीसारखा बारीक, बंद गळ्याचा कोट, आणि बारा महिने हातात छत्री. मूळचे महेश्वरकडचे. घराणं मराठी, पण कैक पिढ्या निमाडात गेलेल्या. त्यामुळे त्यांचं मराठी आम्हा कोल्हापूरकरांना अर्धं समजायचं आणि अर्धं अंदाजाने घ्यावं लागायचं.

त्यांचा स्वभाव एका शब्दात सांगायचा तर संशय. सकाळी खालच्या दुकानातून पोहे यायचे. पोह्यांवर शेव कमी असली तर ते दुकानदाराला काही म्हणत नसत. जास्त असली की पुडा घेऊन स्वतः जिना उतरायचे आणि विचारायचे, “भिया, आज एवढी शेव? खाली काय लपवून राहिले?” भिंतीवरचं घड्याळ त्यांनी असं लावलं होतं की ते फक्त त्यांच्या खुर्चीवरून दिसावं. त्यांचं म्हणणं, वेळ दिसली की माणूस निघायची तयारी करतो.

कार्बन पेपर उन्हात धरणं हेही त्यातलंच. वर्गातली माणसं वर्गाच्याच मशीनवर सरकारी नोकरीचे अर्ज टाइप करतात, असा त्यांचा पक्का समज होता. कार्बनवर अक्षरं उमटतात, ती उजेडात उलटी वाचता येतात. रोज ते सगळे कार्बन गोळा करून खिडकीशी उभे राहायचे. मास्तर लोकही कमी नव्हते. अर्ज टाइप केला की त्याच कार्बनवर ते एखादा धडा दोनदा ठोकायचे, म्हणजे अक्षरावर अक्षर चढून सगळा गिचमिडा व्हावा. मग प्रिन्सिपॉलसाहेब गिचमिड्यावरच संशय घ्यायचे. “एवढा साफ धडा अन् एवढा घाण कार्बन? ग्वाल्हेर दिसून राहिलं यात.”

ग्वाल्हेर म्हणजे सरकारी नोकरी. उन्हाळ्यात सरकार इंदूरला यायचं तेव्हा निदान डोळ्यांसमोर असायचं. थंडीत ते ग्वाल्हेरला गेलं की इथल्या प्रत्येकाची मुलाखत तिकडेच असणार, असं ते धरून चालायचे. कोणी रजा मागितली की ती ग्वाल्हेरसाठी. कारण काहीही सांगा.

आणि कारण सांगितलंत की ते तपासायला स्वतः यायचे. मिस्त्रीजींनी मुलीच्या सगाईसाठी एक दिवस मागितला, तर मुलाकडची माणसं येण्याआधी हे गादीवर बसलेले. त्या मंडळींना वाटलं, मुलीचे थोरले काका असतील. सगळे यांच्या पाया पडले. यांनी आशीर्वाद दिला आणि नवऱ्या मुलाला विचारलं, “आप सचमुच सगाई के लिए ही आए हैं ना?” मुलगा जो गोंधळला तो लग्नापर्यंत गोंधळलेलाच होता, असं मिस्त्रीजी सांगायचे. जिथे रजा दिली तिथे हे हटकून जायचे. जिथे कोणी आपण होऊन बोलावलं तिथे मात्र कधी नाही. बोलावणं आलं की पहिला प्रश्न, “काय काम आहे?”

हे सगळं मला पंधरवड्यात कळलं होतं, म्हणूनच मी दाराशी उभी होते. आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. सरकारी इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी माघातली तारीख नोकरी लागायच्या आधीच दिली होती. ती हुकली तर पुढे उन्हाळा, आणि उन्हाळ्यात ते हे ऑपरेशन टाळायचे. डाव्या डोळ्याने आईला दार आणि खिडकी यातला फरक कळायचा, एवढंच. त्या काळी ऑपरेशननंतर रोग्याला दोन्ही डोळे बांधून उताणं निजवायचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवायचे. मान वळवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. भरवायला, पुसायला, आणि विसरून मान वळवू नये म्हणून हटकायला घरचं माणूस लागायचं. मामी नव्हत्या, मामांना दम्याने उठवत नव्हतं. उरले मी.

रजा नाही मिळाली तर एकतर आईचा डोळा जाणार, नाहीतर नोकरी. दोन्ही परवडणारं नव्हतं.

मी पुढे झाले. “साहेब, मला माघात आठ-दहा दिवस रजा पाहिजे.”

कार्बन खाली आला. “अजून तर खुर्ची गरम नाही झाली बाई, अन् रजा?”

“आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. नोकरी लागायच्या आधीच ठरलं होतं.”

“म्हणजे मला लपवून ठेवलं.”

“लपवलं नाही, आता सांगतेय.”

“बीमारी काय ठरवून येते? ठरवून होतो तो कट.” त्यांनी मिस्त्रीजींकडे पाहिलं. मिस्त्रीजींनी मान टायपरायटरच्या पोटात घातली. “कोणता डोळा?”

“उजवा.”

“डावा का नाही?”

“डावा अजून पिकला नाही.”

“तो काय आंबा आहे?”

“मोतीबिंदू पिकतो असंच म्हणतात, साहेब.”

“ऑपरेशन कुठे? ग्वाल्हेरला?”

“इथेच. इंदूरला.”

त्यांनी कार्बन पुन्हा उजेडात धरला. मग म्हणाले, “हव.”

मी म्हटलं, “हो साहेब, हवी आहे.”

“हव,” ते पुन्हा म्हणाले.

“हवीच आहे. दुसरं कोणी नाही घरात.”

“हव, हव!” आवाज चढला.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. माझ्या तोंडून पुन्हा पुन्हा ‘हवी आहे’ वदवून घेताहेत. माझं डोकं फिरलं, मी तशीच वळून बायकांच्या मशीनकडे जाऊन बसले. घरी गेल्यावर आईला सगळं नक्कल करून सांगितलं. आई म्हणाली, “उद्या परत विचार. शांतपणे विचार. आपल्याला गरज आहे, त्यांना नाही.”

म्हणून दुसऱ्या दिवशी मी परत गेले आणि शांतपणे म्हटलं, “साहेब, कालच्या रजेचं काय ते सांगा. मला रजा पाहिजे.”

ते खुर्चीतून अर्धे उठले. “काल एक घेतली, आज दुसरी?”

“काल कुठे दिलीत?”

“काल नाही दिली?” ते मिस्त्रीजींकडे वळले. “मिस्त्री, काल दिली की नाही?”

“दी थी साहब,” मिस्त्रीजी खालूनच म्हणाले. “तीन बार दी थी।”

मी बघतच राहिले. प्रिन्सिपॉलसाहेब छत्रीची मूठ कुरवाळत होते. तसं ते मोठी चोरी पकडल्यावर करायचे. “एक आईच्या डोळ्याची,” ते सावकाश म्हणाले, “अन् दुसरी? दुसरी कुठली, ते मला मालूम आहे.”

जिन्यात मिस्त्रीजींनी मला गाठलं. “बाईजी, ‘हव’ मतलब हाँ। निमाड़ में हाँ को हव बोलते हैं। आपको छुट्टी मिल गई थी। आप दुबारा माँगने क्यों गईं?” मग कपाळाला हात लावून म्हणाले, “अब तो वो आएँगे। पक्का आएँगे।”

घरी हे सांगितलं तेव्हा आई पोट धरून हसली. मी म्हटलं, “आत्ता हसून घे. ऑपरेशननंतर बंदी आहे.”

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालंय, पण पट्टी सुटेपर्यंत काही सांगता येत नाही. डोळ्यावर जरासुद्धा दाब आला तर टाका जाईल आणि टाक्याबरोबर डोळा. आई लाकडासारखी पडून होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, कानांशी वाळूच्या पिशव्या. मी तिला चमच्याने पेज भरवायची आणि दाराकडे बघायची. कोणाची छत्री दिसली की हातातला चमचा थांबायचा. आता वाटतं, त्या दिवसांत त्यांच्यासारखीच मी झाले होते. वॉर्डात येणाऱ्या प्रत्येकाकडे, हा कशाला आला असेल, अशा नजरेने बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या बाजूला चुलीवर पेज करायला गेले होते. भांडं घेऊन परत आले आणि वॉर्डाच्या दारातच थांबले. आईच्या खाटेशी स्टुलावर प्रिन्सिपॉलसाहेब बसलेले. छत्री मांडीवर आडवी. ते आईकडे वाकले होते. एक हात पुढे होता, बोटं पट्टीपासून चार अंगुळं लांब असतील. पट्टीखाली खरंच काही आहे का, हे त्यांना बघायचं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

ओरडावं तर आई आवाजाच्या दिशेने मान फिरवणार. धावावं तर दगडी फरशीवर पावलं वाजणार, तरी मान फिरवणार. नर्स वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरी. हातातलं भांडं चटके देत होतं. मी हलले नाही.

तेवढ्यात आई बोलली. ओठांखेरीज काही हललं नाही. “कोण आहे? शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे का हो तुम्ही?”

हात जागच्या जागी थांबला. “हव,” ते म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले.

“बरं झालं आलात,” आई म्हणाली. “बसा. हात तेवढा मागे घ्या. मला दिसत नाही, पण तोंडावर सावली आलेली कळते. डॉक्टर म्हणालेत, धक्का लागला तर डोळा गेला. माझ्या लेकीचा जीव अडकलाय त्यात.”

हात मागे गेला. दोन्ही हात छत्रीवर जाऊन बसले.

“लेक टायपिंग शिकवते,” आई पुढे बोलत राहिली, जसं काही सुपारी कातरत ओट्यावर बसली आहे. “नोकरी नवी आहे. मालक फार संशयी आहेत म्हणे. पोह्यांवर जास्त शेव दिसली तरी विचारतात, खाली काय लपवलंय.”

“हव.”

“रजा दिली की मागोमाग बघायला जातात. इथेही येतील, असं ती म्हणते. दाराकडे कान लावून असते बिचारी. तुम्हाला काय वाटतं हो? त्यांना कोणी फार फसवलं असेल का?”

त्यांनी छत्रीची फीत सोडली, परत बांधली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी, जिचे हे नातेवाईक ठरले होते, ती यांच्याकडे टक लावून बघत होती. शेवटी ते म्हणाले, “फसवलं नाही. मी ओळखतो त्याला. तोच फसवायचा.”

“असं?”

“जवान होता. एका कचेरीत बाबू होता. त्याला नाटकाचा नाद. कंपनी गावात आली की रजा पाहिजे. साहेब रजा द्यायचा नाही. मग हा महेश्वरच्या आत्याला अर्जात मारायचा. एक वेळ मारली, रजा मिळाली. पुढच्या सालात साहेब बदलला, पुन्हा मारली.”

आईचं पांघरूण पोटापाशी हललं. डोकं हललं नाही.

“मग एक दिवस आत्या स्वतःच आली. लाडू घेऊन. भाचा नोकरी करतो ती कचेरी बघायची म्हणून सीधी कचेरीत. आता काय करणार? यानं सांगितलं, ही माझी मेलेल्या आत्याची बहीण.”

“अग बाई.”

“सगळे बाबू उठून उभे. एकेक येऊन तिला बोलून राहिला, तुमच्या बहिणीचं फार वाईट झालं, फार प्रेमळ होती म्हणतात. अन् ती याचं तोंड बघून राहिली. यानं हात जोडले खालून, टेबलाखालून. मग तिला समजलं. बोलली, हो, फार प्रेमळ होती. भाच्यावर फार जीव होता तिचा. डोळ्याला पदर लावला. स्वतःच्याच मरणावर.”

“पुढे?”

“लाडू वाटले. अन् मोटारीत बसून गेली. पुन्हा इंदूरला नाही आली. बोलवलं तरी नाही.” ते थांबले. “तेव्हापासून त्याला मालूम आहे, रजा कशी मागतात ते. दुसऱ्या कोणाला काय मालूम असणार?”

 वाळूच्या पिशव्यांमध्ये आईचा चेहरा अगदी स्थिर होता. मग ती म्हणाली, “त्यांना सांगा, मला मारायची गरज नाही पडली माझ्या लेकीला. मी जिवंत आहे, एवढं त्यांनी बघून जावं.”

“हव,” प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले आणि उठले.

दारात त्यांनी मला पाहिलं. किती वेळ उभी आहे, हे विचारलं नाही. भांड्याकडे बघून म्हणाले, “पेज थंडी झाली.” मग चार पावलं पुढे जाऊन परत फिरले. “ती दुसरी रजा कोणती होती?”

“दुसरी नव्हतीच, साहेब. मला ‘हव’ कळलं नाही. मला वाटलं, तुम्ही विचारताय.”

“मग काय म्हणू?”

“हो म्हणा.”

“हो तर सगळेच म्हणतात,” ते म्हणाले. “‘हो’वर माझा भरवसा नाही.” आणि छत्री टेकत निघून गेले.

मी खाटेशी गेले तेव्हा आई म्हणाली, “गेले का तुझे प्रिन्सिपॉल?”

“तुला माहीत होतं?”

“डोळे बांधलेत, कान नाही बांधले. पहिल्या ‘हव’ला ओळखलं. म्हटलं, हात लावू नयेत म्हणून बोलत राहावं. पेज दे. आणि हसवू नकोस, फार हसू साठलंय.”

ते पुन्हा इस्पितळात आले नाहीत. ठरल्या दिवशी पट्टी निघाली. आईला खिडकीचे गज दिसले, मग डॉक्टरांची बोटं, मग मी. “केवढी वाळलीस,” एवढंच म्हणाली, आणि डोळ्याला पाणी चालणार नाही म्हणून मी तिला दुसरं काही बोलू दिलं नाही. पुढे जाड भिंगाचा चष्मा आला. मी वर्गात परत हजर झाले, माझी खुर्ची जागेवर होती, आणि प्रिन्सिपॉलसाहेब खिडकीशी कार्बन वाचत होते. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मिस्त्रीजींनी तेवढं खालून विचारलं, “दिखता है माताजी को?” मी म्हटलं, दिसतं. खिडकीशी कार्बन उलटला गेला. इतकंच.

आईला चष्मा मिळाल्यावर काय काय बघायचं होतं, ते तिने खाटेवर पडल्यापडल्याच ठरवलं होतं, आणि मी ते एकेक उरकत गेले. लालबागेचं मोठं फाटक दाखवलं. सराफ्यातून टांग्याने फिरवून आणलं. मामांचा चेहरा बघून तिने त्यांना दाढी नीट करा म्हणून सांगितलं. एकच गोष्ट उरली: “त्या ‘हव’वाल्यांना बघायचंय. मला तो माणूस लठ्ठ वाटतो.”

“अगं, पेन्सिलीसारखे आहेत.”

“तू म्हणतेस. आवाज लठ्ठ माणसाचा आहे. बघितल्याशिवाय मी मानायची नाही.”

आईला वर्गात नेणं शक्य नव्हतं. त्या भिंगांतून पायऱ्या कधी जवळ वाटतात, कधी लांब. सपाट अंगणातसुद्धा ती पाऊल चाचपून टाकायची, मग तो उभा जिना कुठला. रस्त्यावर उभं राहून त्यांना खाली बोलवावं, तर ते खिडकीतून विचारणार, काय काम आहे. तेव्हा त्यांनीच घरी यायला हवं होतं. मी सरळ बोलावलं. “साहेब, एकदा चहाला या. आईला तुम्हाला बघायचंय.”

“का?” ते सावध झाले. “ओळख परेड आहे काय?”

पुढच्या वर्षी संक्रांतीला तिळगूळ घ्यायला बोलावलं. “वर्गातच द्या.” मामांकडून निरोप धाडला. मामांचा आणि आपला काय संबंध, याची त्यांनी मिस्त्रीजींकडे चौकशी केली, पण आले नाहीत.

उपाय मिस्त्रीजींनीच सुचवला. “बाईजी, सीधे रास्ते नहीं आएँगे। झूठी छुट्टी माँग लो। ऐसी बोलो कि खुद को ही खोटी लगे। दौड़े आएँगे।”

मला पटलं. मी नीट तयारी केली. गुरुवार निवडला, कारण त्या दिवशी बायकांची बॅच लहान असायची. कारण ठरवलं: मामांच्या चुलतभावाच्या नातवाचं बारसं, आमच्या घरी. आमच्या दोन खोल्यांत बारसं करायला कोणी येणार नाही, हे लहान मुलालाही कळलं असतं. वर आणखी, बोलताना अडखळायचं आणि ग्वाल्हेरच्या पाहुण्यांचा उल्लेख करायचा, असंही ठरवलं. आईने रव्याचे लाडू केले. मी त्यांच्या टेबलाशी गेले. 

“साहेब, गुरुवारी मला रजा पाहिजे.”

ते कार्बन वाचत होते. मान वर केली नाही. “हव.”

“कारण सांगते. आमच्याकडे त्या दिवशी ग्वाल्हेरचे…”

“कारण कशाला?”

“सांगायला पाहिजे ना, साहेब. तुम्ही सगळ्यांना विचारता.”

“सगळ्यांना विचारतो,” ते म्हणाले, आणि दुसरा कार्बन उजेडात धरला.

मी तिथे उभी राहिले. मिस्त्रीजींनी खालून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. आता नाही येणार.

गुरुवारी आई सकाळपासून चष्मा लावून, धुवट लुगडं नेसून दाराशी बसली. गल्लीत छत्री दिसली की म्हणायची, “हेच का?” ते ते नव्हतेच. संध्याकाळी कळलं, त्याच दिवशी शॉर्टहँडच्या मास्तरांची पाठ धरली होती, आणि प्रिन्सिपॉलसाहेब दुपारभर त्यांच्या घरी बसून पाठ सुटायची वाट बघत होते.

त्यानंतर मी कितीतरी वेळा रजा घेतली. खऱ्या कारणांसाठी, आणि दोनदा याच एका कारणासाठी. एकदा तर मी सांगून टाकलं, “साहेब, मुलाखतीला जायचंय.” तर त्यांनी विचारलं, “सायंकाळच्या बॅचपर्यंत याल?” मिस्त्रीजींच्या पायाला पट्टी बांधली असली तरी ती सोडून बघणारा माणूस माझ्यापुढे नुसती मान हलवायचा. वर्गातल्या बाकीच्यांना वाटायचं, मी त्यांच्या मर्जीतली आहे, आणि ते माझ्यावर संशय घ्यायचे.

पुढे मध्यभारत गेलं, राजधानी भोपाळला गेली, वर्गातली गर्दी आटली. आता वर्ग बंद आहे. प्रिन्सिपॉलसाहेब मुलीकडे राहतात, आमच्यापासून फार लांब नाही. संध्याकाळी छत्री घेऊन फिरायला निघतात आणि भाजीवाल्याने एखादी जुडी जास्त टाकली तर परत जाऊन विचारतात. मी भेटले की थांबतात, आईची चौकशी करतात. मी घरी चला म्हटलं की अजूनही विचारतात, “काय काम आहे?” बाजूच्या बिऱ्हाडातल्या मुलाने मध्यंतरी त्यांच्याकडून पुस्तक नेलं, तर ते परत मागायला नव्हे, तो खरंच वाचतो की नाही हे बघायला आमच्याच वाड्यात येऊन गेले. आमच्या दारावरून. आई तेव्हा देवळात होती.

आईचा चष्मा आता तिसरा आहे. उजव्या डोळ्याने ती अजून स्वतः तांदूळ निवडते. परवा विचारत होती, लठ्ठच आहेत ना? मी म्हटलं, नाहीत. ती म्हणाली, मग आण की एकदा.

आणायचं तर त्यांना एकदा माझा संशय यायला पाहिजे. तेवढं काम राहिलं आहे.